नभोवाणी केंद्राची विक्री आणि श्रोत्याचा हक्क

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आर. के. पुरम येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पन्नास वर्षांचा टप्पा गाठलेल्या संस्थेच्या व्यासपीठावर बोलावयास उभे राहताना मनात प्रथम कृतज्ञता येते आणि पाठोपाठ संकोच येतो. ज्यांनी या मंडळाच्या सतरंज्या उचलल्या, गणपतीच्या वर्गणीसाठी सेक्टर-सेक्टरमधून जिने चढउतार केले, त्यांच्यापैकी पुष्कळजण आज समोर बसलेले आहेत. त्यांना मी काय सांगावे? चिटणीसांची अपेक्षा अशी होती, की मी ‘रेडिओच्या आठवणी’ या विषयावर चार शब्द बोलावेत. आठवणी मी सांगणारच आहे. परंतु केवळ आठवणींत रमण्याऐवजी एका व्यवहाराचा विचार आपल्यापुढे मांडावा, असे मला वाटले. तो व्यवहार म्हणजे नभोवाणी केंद्राची विक्री. चांगले चालणारे, गावाला आपले वाटणारे एखादे केंद्र जेव्हा विकावयास निघते, तेव्हा विकले जाते ते नेमके काय, आणि त्या व्यवहारात तुमच्या-माझ्यासारख्या ऐकणाऱ्याचे स्थान कोणते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आर. के. पुरममध्ये मांडणे मला सोपे वाटते, कारण त्याची निम्मी उकल आपण सर्वजण जगलो आहोत. आपण सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. ती दोन खोल्यांची जागा आपली होती आणि नव्हतीही. भिंतींना रंग आपण दिला, गॅलरीत तुळस आपण लावली, दारावरची पाटी आपली होती; पण वडिलांच्या पगारातून दरमहा जी रक्कम कापली जाई, तिचे नाव ‘भाडे’ नसून ‘लायसन्स फी’ असे होते. हा शब्द लहानपणी मला फार कोड्यात टाकी. भाडेकरूला काही हक्क असतात. लायसन्सधारकाला केवळ अनुज्ञा असते. जागा पोटभाड्याने देता येत नाही, कोणाला विकता येत नाही, आणि निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत किल्ली परत करावी लागते. खासगी एफ. एम. केंद्राच्या मालकाची स्थिती बरीचशी अशीच असते. ज्या लहरीवरून त्याचा आवाज आपल्या घरात येतो, ती लहर त्याची नसते. ती त्याला काही वर्षांपुरती वापरावयास मिळालेली असते, आणि त्यासाठी तोही लायसन्स फीच भरतो.

मग ती लहर कोणाची? या प्रश्नाचे उत्तर याच दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिले गेले. निमित्त क्रिकेटचे होते. १९९३ च्या हिरो चषक सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावयाचे, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात तंटा झाला आणि तो न्यायालयात गेला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्या खटल्याचा मुख्य निर्णय लिहिला. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी सार्वजनिक यंत्रणेने नियंत्रित करावयास हवा, असे त्या निर्णयाचे सार आहे. म्हणजे लहर सरकारच्या खासगी मालकीची नाही आणि परवाना घेणाऱ्या कंपनीच्याही नाही. ती आपणा सर्वांची आहे. एका मराठी न्यायमूर्तींच्या लेखणीतून उतरलेले हे तत्त्व आपण मराठी माणसांनी तरी विसरता कामा नये.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या देशात संघटित नभोवाणीचा आरंभच मुळी खासगी कंपनीने झाला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू केले. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. महिन्याभराने कलकत्त्याचे केंद्र निघाले. प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट. शहर आणि त्याच्या भोवतालचा थोडा मुलूख एवढाच त्याचा पल्ला. रेडिओ घरी ठेवण्यासाठी वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे आणि त्यातील आठ रुपये कंपनीला मिळत. परंतु संच महाग, भांडवल अपुरे, आणि १९२९ संपतानाही देशभरातील परवानाधारकांची संख्या आठ हजारांच्या आत. १ मार्च १९३० रोजी कंपनी अवसायनात निघाली. सरकारने ती केंद्रे आपल्याकडे घेतली आणि १ एप्रिल १९३० पासून प्रायोगिक म्हणून चालवली. तोटा काही थांबेना. तेव्हा ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारने ठरवले, की हा उद्योगच बंद करावा.

यापुढची हकिकत मला विशेष मोलाची वाटते. हिशेब मांडला तर सरकारचा निर्णय अगदीच अवाजवी नव्हता. देशाच्या लोकसंख्येपुढे त्या काही हजार श्रोत्यांची काय मातब्बरी? तथापि त्या श्रोत्यांनी आणि रेडिओचे संच विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी एवढी ओरड केली, की दीड महिन्याच्या आत, २३ नोव्हेंबर १९३१ रोजी, निर्णय फिरवावा लागला. आयात संचांवरील जकात वाढवून पैसा उभा करण्यात आला. पुढे १९३२ च्या अखेरीस बी. बी. सी. ने साम्राज्यासाठी लघुलहरींवरील प्रक्षेपण सुरू केले, त्यामुळे येथे संचांची मागणी वाढली आणि परवान्यांचे उत्पन्नही वाढले. १९३६ च्या १ जानेवारीस दिल्लीचे केंद्र अलीपूर रोडवरील एका बंगल्यातून बोलू लागले आणि त्याच वर्षी जूनमध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. आपण ज्याला आकाशवाणी म्हणून ओळखतो, ती संस्था मूठभर श्रोत्यांनी वेळेवर तोंड उघडले म्हणून जगली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

‘आकाशवाणी’ या नावाचीही एक कथा आहे आणि ती आजच्या विषयाच्या अगदी जवळची आहे. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात एम. व्ही. गोपालस्वामी हे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी सप्टेंबर १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरातून एक केंद्र सुरू केले. प्रक्षेपक अवघा तीस वॅटचा. एखाद्या घरगुती दिव्याएवढी त्याची ताकद. या घरगुती केंद्राला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले. गावातील गवयांनी गावे, विद्वानांनी बोलावे, आणि खर्चाची तोंडमिळवणी बहुतांशी प्राध्यापकांनी स्वतःच्या खिशातून करावी, असा तो क्रम काही वर्षे चालला. केंद्र लोकप्रिय झाले, आणि लोकप्रियतेबरोबर खर्चही वाढला. शेवटी १९४० च्या दशकाच्या आरंभी ते म्हैसूर संस्थानच्या सरकारकडे गेले. स्वातंत्र्यानंतर संस्थानांची केंद्रे ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली. आपल्या गायकवाडांच्या बडोद्याचे केंद्रही १९४८ मध्ये असेच सामील झाले. आणि १९५० च्या दशकात साऱ्या देशाच्या नभोवाणीने म्हैसूरच्या त्या घरगुती केंद्राचे नाव धारण केले.

हा व्यवहार पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. एकट्या माणसाने उभारलेले, यशस्वी झालेले केंद्र कधी ना कधी दुसऱ्याच्या हाती जाणारच. माणूस थकतो, खर्च वाढतो, मुलांना त्यात रस असेलच असे नाही. म्हणून विक्री म्हणजे पाप आणि विकणारा म्हणजे द्रोही, अशी भूमिका मी घेणार नाही. हात बदलताना काय सांभाळले गेले, एवढेच पाहावयाचे. म्हैसूरच्या बाबतीत केंद्राची भाषा आणि नावसुद्धा टिकले. प्रत्येक केंद्राच्या नशिबी हे असत नाही.

आता आपल्या काळाकडे वळू. खासगी एफ. एम. चा पहिला लिलाव या शतकाच्या उंबरठ्यावर झाला आणि जुलै २००१ मध्ये बंगलोरला पहिले खासगी केंद्र सुरू झाले. त्या पहिल्या फेरीत बोली अशी चढली, की मुंबईच्या एका लहरीसाठी पहिल्या वर्षाची फी पावणेदहा कोटी रुपये ठरली, आणि वर ती दरसाल पंधरा टक्क्यांनी वाढावयाची होती. जाहिराती काही त्या वेगाने वाढल्या नाहीत. अनेक बोलीदारांनी केंद्र सुरू करण्यापूर्वीच माघार घेतली. २००५ मध्ये सरकारने रीत बदलली: आरंभी एकदाच प्रवेशशुल्क आणि नंतर उत्पन्नाच्या चार टक्के. त्यानंतर केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. २०११ च्या धोरणाने परवान्याची मुदत पंधरा वर्षे केली. मुख्य भागधारकाने पहिली तीन वर्षे आपला हिस्सा विकू नये, कोणा एका समूहाकडे देशातील एकूण वाहिन्यांपैकी पंधरा टक्क्यांहून अधिक असू नयेत, एका शहरात चाळीस टक्क्यांहून अधिक असू नयेत आणि तेथे निदान तीन वेगळे चालक असावेत, असे निर्बंधही घातले.

हे नियम कागदावरच राहिले असे नाही. २०१५ मध्ये टी. व्ही. टुडे समूहाने आपली सात केंद्रे टाइम्स समूहाच्या नभोवाणी कंपनीला विकावयाचे ठरवले. चार लहान शहरांतील केंद्रे गेली. परंतु दिल्ली, मुंबई आणि कोलकाता येथे घेणाराची वाहिनी आधीच असल्याने मंत्रालयाने तेथील हस्तांतरास संमती दिली नाही. २०१९ मध्ये रेडिओ सिटी चालवणाऱ्या कंपनीने बिग एफ. एम. ची केंद्रे १,०५० कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. तो व्यवहार पुरा झाला नाही. पुढे त्या केंद्रांची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये तीनशे कोटींच्याही आत तिसऱ्याच समूहाकडे गेली. पाच वर्षांत त्याच केंद्रांची किंमत पावाच्या आसपास आली! तीच यंत्रे, त्याच लहरी, तीच शहरे. मग घटले ते काय?

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. केंद्र विकले जाते म्हणजे काय विकले जाते? लहर विकता येत नाही, ती लोकांची आहे. मनोरा पुष्कळ ठिकाणी प्रसार भारतीचा असतो आणि खासगी केंद्रे तो भाड्याने वापरतात. गाणी संगीत कंपन्यांची असतात, त्यांचे मानधन वेगळे द्यावे लागते. बातम्या तर खासगी केंद्राला स्वतःच्या देताच येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावाव्या लागतात. ध्वनिमुद्रणाची यंत्रे आणि खुर्च्यामेजे यांना जुन्या बाजारात जे येईल ते येईल. उरतात दोनच गोष्टी: परवान्याची शिल्लक वर्षे आणि ऐकणाऱ्यांची सवय. सकाळी चहा ठेवताना हात आपोआप त्याच बटणाकडे जातो, रिक्षावाला तेच केंद्र लावतो, दुकानदार दुपारभर तेच चालू ठेवतो. ही सवय जाहिरातदाराला हवी असते आणि तिच्यासाठीच खरेदीदार पैसे मोजतो. श्रोते फोनच्या पडद्याकडे वळले, जाहिराती त्यांच्या मागे गेल्या आणि किंमत उतरली. म्हणजे विक्रीच्या दस्तात सर्वांत मोलाची जी वस्तू आहे, ती तुमची-माझी आहे. आणि त्या दस्तावर सही करताना तुम्हाला-मला कोणी विचारत नाही.

समजा, महाराष्ट्रातील एखाद्या जिल्ह्याच्या गावी असे एक केंद्र आहे. गावातल्याच कोणी भांडवल घातले, गावच्या मुलामुलींना निवेदक केले. बोली त्या मुलखाची. बाजारसमितीचे भाव, धरणातले पाणी, यात्रेची वाट, दहावीच्या निकालाची धांदल, रक्त हवे असल्याची हाक. बातम्यांना बंदी असली तरी हवामान, रस्ते, परीक्षा, उत्सव यांची माहिती देण्यास परवानगी आहे, आणि गावाला तर तीच हवी असते. केंद्र चालते. मग मुंबईहून किंवा दिल्लीहून खरेदीदार येतो. पहिल्या वर्षी केवळ नाव बदलते. मग रात्रीचे निवेदक जातात, कारण रात्रीचा कार्यक्रम आता मुंबईत एकदाच तयार होऊन पंधरा गावांत लागतो. त्यानंतर दुपार जाते. सकाळचे दोन तास तेवढे गावचे उरतात, आणि एक दिवस तेही जातात. याला कोणाचा दुष्टपणा कारण नसतो. पंधरा गावांत पंधरा माणसे ठेवण्यापेक्षा एक ठेवणे स्वस्त पडते, एवढाच हिशेब. फक्त नदीला पूर आल्यावर त्या केंद्राच्या दाराला कुलूप असते आणि आत संगणक गाणी लावीत असतो.

परदेशी काय होते, ते एका उदाहरणाने सांगतो. न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यू. एन. सी. एन. नावाचे अभिजात संगीताचे केंद्र होते. १९७४ मध्ये मालकाने ते एका रात्रीत रॉक संगीताचे केले. तेथील कायद्याने केंद्राचा परवाना हस्तांतरित होताना किंवा त्याचे नूतनीकरण होताना जाहीर सूचना द्यावी लागते आणि सामान्य श्रोत्यालाही हरकत नोंदवता येते. श्रोत्यांनी संघटना केली, हरकती घेतल्या, वकील दिले. पुढच्याच वर्षी केंद्र दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि अभिजात संगीत परत आले. परंतु १९८१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की केंद्राने काय वाजवावे हे बाजारावर सोडण्यास नियामक मंडळ मोकळे आहे. १९९३ मध्ये ते संगीत पुन्हा गेले ते गेलेच. या कथेतून मी दोन बोध घेतो. विचारण्याचा मार्ग कायद्यात असला तर श्रोता काही वर्षे तरी मिळवू शकतो. आणि एकदा मिळवले म्हणजे कायमचे मिळाले, असे कधीच होत नाही.

आपल्याकडे तसा मार्ग नाही. मालकी बदलताना मंत्रालयाची परवानगी लागते, भागधारकांची सभा होते, शेअरबाजाराला कळवावे लागते. श्रोत्याला मात्र कळवण्याची कोणावर सक्ती नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘‘ही सारी खासगी केंद्रांची कटकट. सरकारी आकाशवाणी कोण विकणार आहे?’’ विकणार नाही हे खरे. पण हलवता येते, मिटवता येते, आणि ऐकणाऱ्याला त्यात फारसा फरक वाटत नाही. जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा आदेश निघाला. पुणेकर श्रोते, पत्रकार आणि लोकप्रतिनिधी एकदम उठले, आणि काही दिवसांतच त्या आदेशाला स्थगिती मिळाली. १९३१ मध्ये घडले तेच ब्याण्णव वर्षांनी पुन्हा घडले.

आणि आता आपल्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला थोडी लाज वाटणार आहे. आमच्या क्वार्टरमध्ये फळीवर एक मर्फीचा रेडिओ होता, त्यावर आईने विणलेले आच्छादन. दिल्लीच्या आकाशवाणी भवनातून मराठी बातमीपत्र वाचले जाई आणि महाराष्ट्रातील केंद्रे ते सहक्षेपित करीत. वाचणारा आवाज येथून बसने पाऊण तासावरच्या संसद मार्गावर असे आणि ऐकणारे कान सातारा-सोलापुरात असत. दिल्लीच्या मराठी घरांतली माणसे त्या कामाला जात. कोणी नोकरी म्हणून, कोणी फावल्या वेळात. साताऱ्याहून माझ्या आजीचे पत्र येई, ‘‘आज सकाळी तुमच्या दिल्लीचा आवाज ऐकला, तुम्ही सर्व सुखरूप असाल असे वाटले.’’ बातम्यांत आमच्या सुखरूपतेचा काय संबंध? पण तिच्या लेखी तो आवाज आमच्या गल्लीतून येत होता. दिल्लीत मराठी माणूस राहतो आणि देशाची बातमी मराठीत सांगतो, याची ती रोजची पावती होती.

२०१७ मध्ये ते बातमीपत्र दिल्लीहून मुंबईला नेण्यात आले. इतरही काही भाषांची बातमीपत्रे त्यांच्या त्यांच्या राज्यांत गेली. शासनाच्या बाजूने युक्तिवाद होता: त्या त्या भाषेची माणसे त्या त्या राज्यात सहज मिळतात. तो खोडून काढणे सोपे नाही. परंतु मी तो खोडून काढण्याचा प्रयत्नही केला नाही. मला ते वर्तमानपत्रातून कळले, मी हळहळलो, आणि पान उलटले. एक पोस्टकार्डही लिहिले नाही. १९३१ मध्ये मूठभर श्रोत्यांनी जे केले, २०२३ मध्ये पुण्याने जे केले, ते मी २०१७ मध्ये केले नाही. पत्राने निर्णय फिरला असता, असा माझा दावा नाही. पण आजीची ती पत्रे अजून माझ्या पेटीत आहेत, आणि त्यांना उत्तर देण्याची माझी पाळी होती, एवढे मला कळते.

विकताच येत नाही असे नभोवाणी केंद्रही आपल्या देशात आहे, हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या अखेरीस स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी चालवण्यास परवानगी मिळाली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग’ असे सुरू झाले. शक्ती अल्प, पल्ला दहा-बारा किलोमीटरांचा; पण आवाज त्या मातीचा. अशा केंद्राची परवानगी दुसऱ्याला हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे त्याच्या विक्रीचे भय नाही. त्याला भय आहे ते वेगळेच. जाहिरातीस मर्यादित वेळ, विजेचे बिल, नादुरुस्त यंत्र, आणि काम करणारी मुलगी लग्न होऊन गेली की रिकामी राहणारी खुर्ची. असे केंद्र विकले जात नाही, ते गप्प होते. आपल्या मंडळाचेही तसेच आहे. मंडळ विकत घ्यावयास कोणी येणार नाही. परंतु सतरंजी उचलणारे हात कमी झाले, तर आपल्यालाही गप्प होण्याचे भय आहेच.

तेव्हा करावयाचे काय? मी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली: जुन्या परवान्यांवरून २०११ च्या धोरणाखाली आलेल्या खासगी केंद्रांची पंधरा वर्षांची मुदत ३१ मार्च २०३० रोजी संपते. क्वार्टर सोडावयाची वेळ जवळ आली की घरात काय चालते, ते आपण जाणतो. कोणी मुदतवाढ मागतो, कोणी आवराआवर करतो. त्या सुमारास नवे नियम होतील आणि केंद्रांचे हात बदलतील. नियम करण्यापूर्वी शासन आणि नियामक मंडळ लोकांची मते मागवते. त्या वेळी मराठी मंडळांनी, दिल्लीतल्या, इंदूरच्या, बडोद्याच्या, हैदराबादच्या, एक साधी मागणी लिहून द्यावी: मालकी बदलण्यापूर्वी त्या केंद्रावरून श्रोत्यांना तशी सूचना द्यावी, हरकतीस मुदत द्यावी, आणि स्थानिक भाषेचे व स्थानिक निवेदकांचे निदान काही तास घेणाऱ्यावर बंधनकारक करावेत.

दुसरी: जुन्या ध्वनिमुद्रणांची. विक्रीच्या यादीत त्यांना किंमत नसते, म्हणून ती आधी फेकली जातात. गावच्या शाहिराचा, कीर्तनकाराचा, शंभरीला पोचलेल्या आजीचा आवाज एखाद्या तबकडीत असतो. केंद्र हस्तांतरित होताना हा संग्रह विद्यापीठाकडे किंवा ग्रंथालयाकडे सोपवावा, अशी अट असावी. शासनाने ती घालीपर्यंत आपण आपल्यापुरते करावे. मंडळाच्या कपाटात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या नाटकांच्या आणि व्याख्यानांच्या कॅसेटी आहेत. त्या फीत चिकटून निकामी होण्यापूर्वी नव्या माध्यमात उतरवून घ्याव्यात. या कामासाठी मी स्वतः दर रविवारी सकाळी येईन; दोन तरुण सोबत मिळाले तर बरे.

तिसरी गोष्ट सर्वांत लहान आहे. जे केंद्र आपण आवडीने ऐकतो, त्याला वर्षातून एकदा पत्र लिहावे. तक्रारीचे नको, साधे पोचपावतीचे. अमुक कार्यक्रम ऐकला, बरे वाटले. खरेदीदार आपल्या सवयीची किंमत करतो. त्या सवयीला तोंड आहे, ती बोलू शकते, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले बरे. केंद्र विकावयास निघाल्यावर लिहिलेल्या पहिल्या पत्रापेक्षा त्याआधी लिहिलेल्या दहा पत्रांना अधिक वजन असते.

माझे बोलणे लांबले. पुढील कार्यक्रम मुलांच्या नाट्यप्रवेशाचा आहे आणि रंगभूषा केलेली मुले दाराआडून डोकावत आहेत, हे मला येथून दिसते आहे. त्यांना अधिक ताटकळत ठेवीत नाही. कॅसेटींचे कपाट उघडण्यासाठी किल्ली कोणाकडे आहे, तेवढे चिटणीसांनी जाण्यापूर्वी मला सांगावे.